लॅपटॉपला फोनचं नेट: वायफाय हॉटस्पॉट की यूएसबी टेदरिंग?

कानात ब्लूटूथ हेडफोन असेल, तर आमचं मत सरळ यूएसबी टेदरिंगच्या, म्हणजे केबलने फोनचं नेट लॅपटॉपला देण्याच्या बाजूने आहे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतं आणि फोनचा हॉटस्पॉटही अनेकदा त्याच पट्ट्यात असतो. लॅपटॉपमधली वायफाय आणि ब्लूटूथची चिप बहुधा एकच, अँटेनाही सामाईक. मोठं डाउनलोड सुरू झालं की आवाज तुटतो. दोष मात्र बिचाऱ्या हेडफोनला लागतो!

हॉटस्पॉटच हवा असेल, तर फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड ५ गिगाहर्ट्‌झ करा. आवाज लगेच सुधारतो, पण भिंतीपलीकडे सिग्नल लवकर मंदावतो आणि जुन्या लॅपटॉपला तो दिसतच नाही. एकापेक्षा जास्त उपकरणं जोडायची असतील, तर हाच पर्याय सोयीचा.

यूएसबीसाठी आधी केबल जोडा, मगच अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा. बटण फिकटच राहिलं तर केबल बदला: फक्त चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. फोन चार्जही होत राहतो. विंडोज या जोडणीला ‘इथरनेट’ (तारेचं नेट) समजतं आणि अमर्याद नेट मानून अपडेट उतरवू लागतं. म्हणून विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेटच्या पानावर ‘मीटर्ड कनेक्शन’ (मोजकाच डेटा असलेली जोडणी) आठवणीने सुरू करा.

मीटिंगमध्ये हेडफोनचा माइक चालू होताच आवाज टेलिफोनसारखा झाला, तर ते नेटमुळे नाही. ब्लूटूथ तेव्हा स्टिरिओ सोडून कॉलच्या मोनो (एकपदरी आवाजाच्या) प्रोफाइलवर जातं. इनपुटला लॅपटॉपचा माइक निवडा.