स्टॉक्स: माशांच्या साठ्याचा अंदाज आणि त्यातली अनिश्चितता

ध्वनिलहरींनी माशांचा साठा मोजताना जहाज ठरलेल्या रेषांवरून फिरते, एकोसाउंडर प्रतिध्वनी नोंदवत राहतो आणि मधूनमधून ट्रॉल जाळे ओढून मासे कोणत्या जातीचे व किती लांबीचे आहेत हे पाहिले जाते. या दोन्ही नोंदींवरून साठ्याचा आकडा आणि त्या आकड्याची अनिश्चितता काढणारे स्टॉक्स हे सॉफ्टवेअर नॉर्वेतील बर्गनच्या सागरी संशोधन संस्थेने तयार केले आहे. ते मोफत आणि मुक्तस्रोत आहे. गेले काही महिने मी ते हेरिंग या माशाच्या नमुना-माहितीवर वापरत आहे.

प्रतिध्वनींच्या चित्रातून मासा कोणता आणि प्लवक कोणते हे ठरवण्याचे काम स्टॉक्स करत नाही. ते आधी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उरकून यावे लागते. त्यापुढची प्रत्येक पायरी मात्र उघडी दिसते. नकाशावर स्तरांच्या, म्हणजे सर्वेक्षण-क्षेत्राच्या विभागांच्या, सीमा आखायच्या, कोणत्या रेषेला कोणती ओढ (जाळे एकदा ओढून मिळालेला नमुना) जोडायची ते ठरवायचे, आणि हे सारे निर्णय प्रकल्पाच्या फाइलमध्ये जतन होत असल्यामुळे दुसऱ्या कोणालाही तेच गणित जसेच्या तसे पुन्हा करता येते. माझ्या मते हाच याचा सर्वांत मोठा गुण आहे.

अनिश्चितता काढण्यासाठी बूटस्ट्रॅप पद्धत आहे: प्रत्येक स्तरातील रेषा आणि ओढी पुनःपुन्हा यादृच्छिकपणे निवडून शेकडो वेळा अंदाज काढला जातो आणि त्यांच्या विखुरणीवरून सीव्ही, म्हणजे विचरण गुणांक (सरासरीच्या तुलनेत विखुरणी किती) मिळतो. येथे मी सुरुवातीला फसलो. एका स्तरात एकच ओढ होती आणि तेथील लांबीचे प्रमाण प्रत्येक फेरीत अगदी तेच येत होते, ते पाहून मी खूश झालो. वास्तविक एकाच ओढीतून कितीही वेळा निवड केली तरी तीच ओढ हाती येणार, त्यामुळे माहिती सर्वांत तोकडी तेथेच ओढींमुळे येणारी अनिश्चितता शून्य दिसते. यात दोष सॉफ्टवेअरचा नाही, पद्धतीची मर्यादा आहे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर. एक मासा किती प्रतिध्वनी परत पाठवतो, त्याला टार्गेट स्ट्रेंग्थ म्हणतात. हेरिंगसाठी ३८ किलोहर्ट्झला लांबीच्या लॉगॅरिदमची वीसपट वजा ७१.९ डेसिबल हे सूत्र रूढ आहे. मी ७१.९ च्या जागी ७२.९ घातले, म्हणजे प्रत्येक माशाचा प्रतिध्वनी कमी धरला, यादृच्छिक निवडीचे बीज (ज्या आकड्यावरून निवड सुरू होते तो) तेच ठेवले, आणि साठा सुमारे २६ टक्क्यांनी वाढला. सीव्ही मात्र तसूभरही हलला नाही. सूत्रातली किंवा एकोसाउंडरच्या कॅलिब्रेशनमधली चूक सगळ्या फेऱ्यांना सारखीच गुणते, म्हणून बूटस्ट्रॅपला ती दिसतच नाही. जहाजाच्या आवाजाने बाजूला सरकणाऱ्या किंवा तळालगतच्या, एकोसाउंडरला न दिसणाऱ्या अंधपट्ट्यात दडलेल्या माशांचेही तेच. आपल्याकडील तारलीला हेरिंगचे सूत्र लावण्याचा मोह ज्यांना होईल, त्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

तरीही नमुना-निवडीतून येणारी अनिश्चितता मोजण्यासाठी मी हेच सॉफ्टवेअर सुचवेन. मात्र अहवालाच्या तक्त्यात सीव्हीशेजारी दोन रकाने मी आता स्वतः जोडतो: प्रत्येक स्तरातील ओढींची संख्या आणि वापरलेले टार्गेट स्ट्रेंग्थचे सूत्र.