‘संगम’ : श्वास ऐकू येणारा सॅक्सोफोन

अमेरिकन जॅझवादक चार्ल्स लॉइड यांचा टेनर सॅक्सोफोन पहिल्यांदा ऐकताना काही काळ असा प्रश्न पडतो, की हा माणूस स्वरावर थेट का येत नाही. ते त्या स्वराच्या अवतीभवती फिरतात, खालून कण (मुख्य स्वराआधीचा निसटता स्पर्श) घेतात, द्रुत स्वरांची एक झुळूक सोडतात आणि श्वास संपत आला असता अलगद त्यावर येऊन थांबतात. ख्याल ऐकून ज्यांचे कान घडले आहेत त्यांना ही चाल ओळखीची वाटेल, आणि म्हणूनच लॉइड यांचा एकच अल्बम निवडायचा झाल्यास मी ‘संगम’ सुचवीन.

बिली हिगिन्स हे लॉइड यांचे जुने स्नेही आणि थोर ड्रमवादक २००१ मध्ये निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ २३ मे २००४ रोजी कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे, लोबेरो थिएटरमध्ये झालेली ही मैफल ईसीएम या ध्वनिमुद्रण कंपनीने २००६ मध्ये प्रकाशित केली. तबल्यावर आपले उस्ताद झाकिर हुसेन आहेत आणि ड्रमवर एरिक हार्लंड. लॉइड तेव्हा ६६ वर्षांचे होते. मेम्फिसमध्ये जन्मलेल्या आणि तरुणपणी ब्लूज गायकांची साथ केलेल्या या वादकाने १९६० च्या दशकात अफाट लोकप्रियता मिळवली आणि नंतर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील बिग सरच्या एकांतात जाऊन अनेक वर्षे व्यासपीठाकडे जवळजवळ पाठ फिरवली. त्या दीर्घ मौनाचा ठसा मला त्यांच्या प्रत्येक विरामात जाणवतो.

या मैफलीत बास हे खर्जाचे तंतुवाद्य नाही, आणि पियानोही अधूनमधूनच येतो. त्यामुळे स्वराचा सगळा भार बहुतेक वेळ एकट्या सॅक्सोफोनवर असतो आणि बेसूर किंवा पोकळ जागा झाकायला काहीच उरत नाही. लॉइड तो भार आवाज चढवून पेलत नाहीत. त्यांच्या स्वररचनांवर थोर जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांची छाया निश्चित आहे, पण कोल्ट्रेन यांचा घनदाट, भेदक नाद इथे नाही. लॉइड यांचा नाद हलका, किंचित थरथरता आहे, आणि हळुवार जागी स्वराच्या आधी हवेची सूक्ष्म सळसळ कानावर येते. ‘हिम टु द मदर’मध्ये ती लक्ष देऊन ऐकावी. एखादा लांब स्वर विरत जातो, त्याची कड झिजते, आणि उरलेल्या शांततेत तबला इतक्या संयमाने बोलतो, की साथ कशी करावी याचा तो धडाच ठरावा. ‘टेल्स ऑफ रूमी’त मात्र हेच वादन आवेग धरते आणि डग्ग्यावरची मींड (नाद सरकवत नेणे) जणू सॅक्सोफोनला उत्तर देऊ लागते.

उणीव सांगायचीच तर द्रुत लयीत तबला आणि ड्रम यांची दाटी होते व टेनरचा नाजूक स्वर काही क्षण मागे पडतो. लॉइड यात बासरी आणि तारोगातो हे हंगेरियन सुषिरवाद्यही वाजवतात. ते रंग सुंदर आहेत, परंतु माझे मन टेनरकडेच परत धावते. मोबाइलच्या स्पीकरवर या वादनातला श्वास ऐकूच येत नाही, तेव्हा हेडफोन लावून, शक्यतो रात्री, सगळ्या नऊ रचना क्रमाने ऐकाव्यात.