मूठ मोजायचं यंत्र: आकडा बरा, शेरा बेभरवशाचा

डिजिटल ग्रिप मीटर, म्हणजे दाबल्यावर मुठीचं बळ किलोत दाखवणारं यंत्र, ऑनलाइन मागवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. हीच वस्तू वेगवेगळी लेबलं लावून विकली जाते.

शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे आधी यंत्राचीच परीक्षा. वाण्याकडून पाच-पाच किलोची दोन वजनं आणून सुतळीने यंत्राच्या मुठीला टांगली. ९.७ दाखवलं. घरच्या वापराला चालेल. मूठ मात्र पुरुषी पंजाच्या मापाची. खालचं चाक फिरवून ती पार आत घेतली तरी माझी करंगळी जेमतेम पोचते.

खरी तक्रार शेऱ्याची. वय भरलं की यंत्र आकड्याबरोबर शेराही देतं. माझे आले १७.१ किलो आणि खाली 'नॉर्मल'! आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेली मर्यादा बायकांना १८ आणि पुरुषांना २८ किलो. मूठ त्याखाली गेली की सार्कोपेनियाची, म्हणजे वयापरत्वे स्नायू झिजण्याची, शंका घ्यायची. युरोपात बायकांची मर्यादा १६, म्हणजे तिकडे मी पास. यंत्राने कुठलं माप धरलंय, याबद्दल माहितीपत्रकात अवाक्षर नाही.

मोजणं वाया जात नाही, हे खरं. २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांचा अभ्यास आला होता, त्यात भारतही होता. मुठीचं बळ ५ किलोने कमी, तर मृत्यूचा धोका साधारण १६ टक्क्यांनी जास्त, असं त्यात दिसलं.

ह्यांची तऱ्हाच वेगळी. ३३ किलो, 'स्ट्राँग'. दिवसभर मिरवून झालं. संध्याकाळी मी जेवणाच्या खुर्चीवर बसवलं आणि हाताची घडी घालून पाच वेळा उठा-बसा म्हटलं. १२ सेकंदांच्या आत व्हायला हवं. लागले १५, आणि चौथ्या वेळी हात गुडघ्यावर गेलाच. वयात मांड्या हातांपेक्षा जास्त झिजतात, त्यातही झटकन उठायला लागणारे जलद तंतू आधी बारीक होतात. मुठीतल्या यंत्राला ते कसं कळणार?

'रोज दाबा, ताकद वाढवा' ही जाहिरातही सोडून द्या. ही मूठ दाबल्यावर हलतसुद्धा नाही. बोस्टनच्या वृद्धाश्रमात नव्वदीच्या लोकांनी आठ आठवडे पायाला वजनं घेऊन व्यायाम केला, तेव्हा त्यांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली होती. तो अभ्यास १९९० चा. आम्ही पायाला बांधायच्या वाळूच्या पिशव्या घेतल्यात.

पाचपैकी तीन तारे. एक शेऱ्याबद्दल कापला, एक सेल सोबत न दिल्याबद्दल.