तळघराची ओल: बाहेरून बॉक्स की आतून लेप?

नवं बांधकाम असेल तर माझं मत सरळ आहे: बाहेरून बॉक्स वॉटरप्रूफिंग करा. खड्डा उघडा असतानाच राफ्टखाली (म्हणजे तळाच्या काँक्रीट स्लॅबखाली) आणि भिंतींच्या बाहेरून शहाबादी फरशी बसवतात, मधली पोकळी वॉटरप्रूफिंग कंपाउंड घातलेल्या ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ मिश्रणाने भरतात. पाणी बाहेरच अडतं. खर्च जास्त, आणि एकदा माती भरली की ती संधी गेली.

आतून लेप हा जुन्या घरांचा मार्ग. पण इथे पाणी लेपाला मागून ढकलतं. भूजल तळघराच्या जमिनीपेक्षा 2 मीटर वर असेल, तर तळाशी दर चौरस मीटरला जवळपास 2 टन दाब येतो. साधा रंग कसा टिकणार? आमच्याकडे पहिल्याच श्रावणात फुगे आले. नख लावलं की पापुद्रा सुटायचा आणि बोटाला पांढरा क्षार लागायचा. भिंत काँक्रीटची असेल तर क्रिस्टलाइन लेपच घ्या, तो काँक्रीटच्या छिद्रांत शिरून स्फटिक धरतो. त्याआधी राफ्ट आणि भिंतीचा सांधा इंजेक्शन ग्राउटिंगने, म्हणजे दाबाने आत ग्राउट सोडून भरून घ्या, गळती बहुतेकदा तिथूनच असते.

शिवाय कोपऱ्यात संप, म्हणजे पाणी जमा होण्याचा खड्डा खणून त्यात पंप ठेवाच, तोही इन्व्हर्टरवर. मुसळधार पावसात आधी वीज जाते.