थायरॉइड अतिसक्रिय झाल्यावर: गोळ्या, किरणोत्सारी आयोडीन की शस्त्रक्रिया?

ग्रेव्हजच्या आजाराचे (यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडला अतिसक्रिय करते) निदान झाले की रुग्णाला बहुधा दोन गोळ्या लिहून दिल्या जातात, आणि त्यांतील फरक कळला तर पुढची निवड सोपी होते. प्रोप्रॅनोलॉल मज्जासंस्थेकडून हृदयाला मिळणारे उत्तेजन अडवते, त्यामुळे धडधड आणि हातांची थरथर काही तासांतच कमी होते (दम्याच्या रुग्णांना मात्र ते सहसा देत नाहीत). कार्बिमॅझोल नवे संप्रेरक तयार होऊ देत नाही. परंतु ग्रंथीत जुना साठा असतो आणि रक्तातील थायरॉक्सिन (थायरॉइडचे मुख्य संप्रेरक) निम्मे होण्यासच सुमारे ७ दिवस लागतात, म्हणून खरा उतार पडायला काही आठवडे जातात. पहिल्याच पंधरवड्यात औषध लागू पडत नाही असे ठरवणे घाईचे होते.

कार्बिमॅझोल साधारणपणे १२ ते १८ महिने घ्यावे लागते. ग्रंथी शाबूत राहते, हा त्याचा मोठा फायदा. परंतु औषध थांबवल्यावर जवळपास निम्म्या रुग्णांत आजार उलटतो. क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात, म्हणून ताप किंवा घसादुखी होताच गोळी थांबवून तातडीने रक्त तपासून घ्यावे.

थायरॉइड आयोडीन शोषून घेते, याच गुणाचा उपयोग करून १९४१ मध्ये बोस्टनला सॉल हर्ट्झ यांनी किरणोत्सारी आयोडीनचा उपचार प्रथम केला. आज एकच कॅप्सूल किंवा घोट बहुधा पुरतो, पण परिणाम दिसण्यास आठवडे ते महिने लागतात आणि पुढे किरणांमुळे ग्रंथी निकामी झाल्याने बहुतेकांना आयुष्यभर थायरॉक्सिन घ्यावे लागते. गरोदर व स्तनपान करणाऱ्या स्त्रियांना हा उपचार वर्ज्य आहे. डोळे पुढे आलेले असल्यास, विशेषतः रुग्ण धूम्रपान करणारा असल्यास, ते अधिक बिघडू शकतात.

गलगंड श्वासनलिकेवर दाब देत असेल किंवा कर्करोगाची शंका असेल, तर शस्त्रक्रियाच योग्य. तिचा परिणाम सर्वांत जलद. मात्र स्वरयंत्राचा मज्जातंतू आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या शेजारच्या ग्रंथी दुखावण्याचा धोका असल्याने हे काम नेहमी करणारा सर्जन निवडावा.

आजार प्रथमच झाला असून गलगंड लहान असेल, तर गोळ्यांनी सुरुवात करणे मला रास्त वाटते. तो उलटल्यास आणि डोळे निर्दोष असल्यास आयोडीनचा विचार करावा. केवळ रोजच्या थायरॉक्सिनच्या भीतीने ते नाकारू नये, कारण सकाळी उपाशीपोटी घ्यायची ठरलेली मात्रा लहरी ग्रंथीपेक्षा सांभाळायला सोपी असते.