चूक सांगणाऱ्याला अभय : नासाच्या एएसआरएस सेवेचे परीक्षण

गुंतागुंतीची यंत्रणा चालवणाऱ्या माणसाच्या हातून चूक नेमकी कशी घडते, याचा अभ्यास करू पाहणाऱ्याला अपघातांचे चौकशी अहवाल मिळतात. परंतु त्यांत अनेकदा चूक करणारा माणूस बोलायला उरलेला नसतो, आणि उरला असला तरी कारवाईची टांगती तलवार त्याच्या डोक्यावर असते. ही उणीव भरून काढणारी सेवा म्हणून, विमानक्षेत्रातील माणसांनी स्वतःहून कळवलेल्या चुकांचे अहवाल गोळा करणाऱ्या अमेरिकेतील ‘एव्हिएशन सेफ्टी रिपोर्टिंग सिस्टिम’कडे, म्हणजेच एएसआरएसकडे, मी पाहतो. रसायन कारखान्यातील कंट्रोल रूमच्या प्रशिक्षणासाठी मी तिचा संग्रह वापरत आलो आहे, आणि विमानांशी संबंध नसलेल्या वाचकांनीही तो वाचावा असे मला मनापासून वाटते.

या सेवेच्या मुळाशी १ डिसेंबर १९७४ चा अपघात आहे. वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येणारे टीडब्ल्यूए या विमान कंपनीचे ५१४ क्रमांकाचे विमान व्हर्जिनियातील माउंट वेदर या डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व ९२ जण मृत्युमुखी पडले. धावपट्टीकडे येण्याची परवानगी मिळताच आपण १,८०० फुटांपर्यंत खाली उतरू शकतो, असा वैमानिकांनी अर्थ घेतला. तर डोंगरापासून सुरक्षित उंची राखणे हे वैमानिकाचे काम आहे, असे जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्या नियंत्रकाने गृहीत धरले. याच परवानगीचा असाच अर्थ घेऊन युनायटेड एअरलाइन्सचे एक विमान सुमारे सहा आठवडे आधी थोडक्यात वाचले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. पण ती माहिती इतर कंपन्यांपर्यंत पोहोचवणारी कोणतीही व्यवस्था तेव्हा नव्हती. पुढे एफएए या नियामक संस्थेने स्वतःच अशी माहिती गोळा करायला घेतली, परंतु जो शिक्षा करतो त्याच्याकडेच कबुली द्यायला लोक बिचकत होते. म्हणून खर्च एफएएने करायचा आणि काम नासाने पाहायचे, अशी रचना १९७६ मध्ये अस्तित्वात आली. नासाला कोणाचाही परवाना रद्द करण्याचा अधिकार नाही, आणि माझ्या मते या सेवेचे निम्मे यश या एका निर्णयात आहे.

उरलेले निम्मे यश अहवाल हाताळण्याच्या पद्धतीत आहे. वैमानिक, नियंत्रक, केबिन कर्मचारी किंवा देखभाल तंत्रज्ञ यांपैकी कोणीही अहवाल पाठवला की किमान दोन अनुभवी विश्लेषक तो वाचतात आणि गरज वाटल्यास लिहिणाऱ्याला फोन करून खुलासा विचारतात. त्यानंतर नाव-पत्ता असलेली पट्टी अहवालापासून वेगळी करून लिहिणाऱ्याकडे परत पाठवली जाते. घटनेपासून १० दिवसांच्या आत अहवाल दिला असेल आणि नियमभंग अनवधानाने झाला असेल, तर ठरावीक अटींवर दंड किंवा परवाना-निलंबन माफ होते. गुन्हा आणि प्रत्यक्ष अपघात यांना मात्र हे संरक्षण नाही, आणि ते योग्यच आहे.

संकेतस्थळावरील संग्रहात प्रत्येक नोंदीला थकवा, लक्ष विचलित होणे, संवादातील गफलत, कामाचा ताण, वेळेचा दबाव अशी मानवी घटकांची लेबले लावलेली असतात. ती शोधासाठी उपयोगी आहेत, पण खरा ऐवज निवेदनात आहे. एकाच घटनेबद्दल दोघांनी अहवाल दिले असतील, तर दोन्ही निवेदने एकाखाली एक वाचायला मिळतात. उदाहरणार्थ, कॅप्टनने उंचीची सूचना ऐकली आणि सहवैमानिकाने ती यंत्रणेत भरली आहे असे मानले. सहवैमानिक त्या क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर बोलत होता. अशा प्रकारचे प्रसंग या संग्रहात वारंवार भेटतात, आणि ‘निष्काळजीपणा’ हा शब्द अशा वेळी काहीच स्पष्ट करत नाही, हे वाचणाऱ्याला आपोआप उमगते. शिफ्ट बदलताना बंद ठेवलेल्या व्हॉल्व्हची माहिती पुढच्या ऑपरेटरपर्यंत न पोहोचणे हे याच जातीचे आहे. म्हणूनच आमच्याकडच्या अनुभवी ऑपरेटर मंडळींना ही निवेदने परकी वाटत नाहीत.

उणिवाही नोंदवल्या पाहिजेत. शोधाचे पान जुन्या धाटणीचे असून योग्य शब्द ठाऊक नसेल तर हाती फारसे लागत नाही. विमानक्षेत्रातील संक्षिप्त रूपांचा इतका भरणा आहे की नवख्याला प्रत्येक ओळीला अडखळावे लागते. त्याहून गंभीर बाब अशी की, अहवाल स्वेच्छेने दिलेले असल्यामुळे त्यांच्या संख्येवरून एखादी चूक किती वेळा घडते हे ठरवता येत नाही. नासा ही मर्यादा स्वतःच स्पष्टपणे सांगते, तरीही या आकड्यांचे आलेख काढून चढउतार दाखवणारी सादरीकरणे तयार होऊ शकतात, आणि तो या संग्रहाचा गैरवापर ठरेल. शिवाय, अहवालानंतर प्रत्यक्षात काय बदलले, हे नोंदीतून सहसा कळत नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

‘कॉलबॅक’ हे त्यांचे छोटेखानी मासिक पत्रक चांगले आहे, पण त्यात निवडक उतारेच असतात. नव्या वाचकाने विषयवार अहवालसंचांपासून सुरुवात करावी. प्रत्येक संचात ५० अहवाल असतात. चेकलिस्टसंबंधीच्या घटनांचा आणि वैमानिक-नियंत्रक संवादाचा असे दोन संच मी आधी सुचवीन, कारण परमिट (कामाची लेखी परवानगी) आणि हँडओव्हर (शिफ्ट बदलताना काम सोपवणे) यांवर चालणाऱ्या कोणत्याही कारखान्यात ते थेट चर्चेला घेता येतात. प्रशिक्षण देणाऱ्याने त्यांतील दहा-बारा निवेदने निवडून मराठीत उतरवावीत, मानवी घटकांची लेबले झाकून ठेवावीत आणि घटनेमागची कारणे आधी ऑपरेटरांनाच मांडू द्यावीत.