मोबाईलची गॅलरी की बिस्किटांचा डबा?

स्क्रॅपबुकचं पान सुचायला माझ्याकडे दोन जागा आहेत: मोबाईलची गॅलरी आणि स्वयंपाकघरातला बिस्किटांचा जुना डबा.

गॅलरी सोयीची. तारीख-वेळ आपोआप नोंदलेली असते. पण तिथे वाढदिवस, गणपती, लग्नंच फार. रोजचं घर थोडंच.

ते डब्यात असतं. सांगली-मिरज एसटीचं तिकीट, भडंगाच्या पुडीचा कागद आणि आईची वाणसामानाची यादी. त्यात 'हळद' खोडून तिने लिहिलंय, 'घरची आहे'. त्या दोन शब्दांवर माझं अख्खं पान उभं राहिलं: मावशीच्या शेतातली हळकुंडं, डंकावरून कांडून आणल्यावर घरभर सुटलेला वास, आजीची पिवळी बोटं. याचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

डबा जपावा मात्र लागतो. मशीनमधून निघणारी तिकिटं थर्मल कागदाची. उन्हाने, उष्णतेने अक्षरं उडून जातात. त्यांची लगेच झेरॉक्स काढावी. पानांसाठी आम्लमुक्त (अ‍ॅसिड-फ्री) कागद घ्यावा, तो लवकर पिवळा पडत नाही.

माझा कौल डब्यालाच. आधी चिठोरं निवडावं, मग त्यावरची तारीख गॅलरीत शोधावी. परवा तसं केलं, तर आयर्विन पुलावरून कृष्णेकडे बघत उभे असलेले बाबा सापडले, पाठमोरे.